बर्फातल्या बंदराची जोखीम महिन्या-महिन्याने मोजावी लागते

थंड प्रदेशातल्या बंदराचा पर्यावरणीय जोखीम अहवाल हातात आला की आधी नमुने कोणत्या तारखांना घेतले ते बघावं. बहुतेकदा जुलै-ऑगस्ट. साहजिक आहे; तेव्हा पाणी मोकळं असतं, बोट मिळते, उजेड असतो आणि हातमोज्यांशिवाय काम करता येतं. पण बंदराचा कारभार वर्षभर चालतो, आणि त्यातले कित्येक महिने भोवती बर्फ असतो. उन्हाळ्यातले आकडे वर्षभराचे म्हणून वापरले की पुढचं सगळं गणित बरोबर येऊनही उत्तर चुकतं.

अशा बंदरात जोखीम जागेपेक्षा वेळेवर जास्त अवलंबून असते. आणि सर्वांत वाईट वेळ कडाक्याच्या थंडीची नसते. बर्फ फुटण्याच्या तीन-चार आठवड्यांची असते. हिवाळाभर साठून राहिलेली घाण तेव्हा एकदम सुटते, आणि मासे, पक्षी, सील नेमके त्याच सुमारास किनाऱ्याकडे आलेले असतात. वार्षिक सरासरीत हे दोन्ही बुडून जातं.

सगळी थंड बंदरं गोठत नाहीत, हेही आधीच वेगळं करून ठेवावं. रशियातलं मुर्मान्स्क आणि नॉर्वेतलं नार्विक उत्तर ध्रुववृत्ताच्या वर असूनही अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे मोकळी राहतात. स्वीडनमधल्या लुलेओचं पाणी दर हिवाळ्यात गोठतं आणि आइसब्रेकरच्या मदतीने वाहतूक चालते. कॅनडात हडसन उपसागरावरच्या चर्चिलला जहाजं मुख्यतः उन्हाळा-शरदातच येतात. रशियाच्या ओब खाडीतल्या साबेत्तासाठी तर उथळ पाण्यात खोल वाट खोदावी लागली. पण पाणी गोठलं नाही तरी धक्का, यार्ड, नळ आणि झडपा गोठतातच. त्यामुळे ‘आमचं बंदर बर्फमुक्त आहे’ एवढ्यावर अर्धा अभ्यास गाळू नये.

आधी कॅलेंडर

वर्षाचे पाच टप्पे पाडावेत: पाणी गोठू लागण्याचा काळ, किनाऱ्याला चिकटलेल्या स्थिर बर्फाचा काळ, वरचं हिम वितळतंय पण खाली बर्फ टिकून आहे असा काळ, बर्फ फुटून वाहू लागण्याचा काळ, आणि मोकळं पाणी. तिसरा टप्पा बहुतेक अहवालांत नसतोच. तो स्वतंत्र ठेवलाच पाहिजे, कारण यार्डातलं वितळपाणी समुद्राकडे निघालेलं असतं आणि समुद्रावर अजून झाकण असतं.

प्रत्येक टप्प्याची एकच तारीख देऊ नये. किमान वीस-तीस वर्षांच्या नोंदींवरून तीन तारखा काढाव्यात: नेहमीची, दहा वर्षांत एखाद्या वेळी येणारी लवकरची, आणि तशीच उशिराची. इथे एक सापळा आहे. मायक्रोवेव्ह उपग्रहांच्या दीर्घकालीन बर्फनोंदींची जाळी सुमारे २५ किलोमीटरची असते आणि किनाऱ्याजवळ जमिनीचा संकेत पाण्यात मिसळतो. खुल्या समुद्रासाठी त्या उत्तम आहेत, बंदराच्या खाडीसाठी निरुपयोगी. सेंटिनेल-१ सारख्या रडार उपग्रहाची चित्रं, बंदर कप्तानाची रोजनिशी आणि टगबोटींची लॉगबुकं यांतून जे मिळतं ते जास्त खरं असतं.

याच कॅलेंडरवर दुसरी ओळ सजीवांची. पोलर कॉड हिवाळ्यात बर्फाखाली अंडी घालतो. अंडी हलकी असल्याने वर येऊन बर्फाच्या तळाशी राहतात. म्हणजे बर्फाखाली गेलेलं तेल जिथे साचतं अगदी तिथेच. रिंग्ड सीलची पिल्लं वसंताच्या सुरुवातीला बर्फावरच्या हिमातल्या बिळांत जन्मतात. ही बिळं वरून दिसत नाहीत, त्यामुळे ‘पाहणीत सील आढळले नाहीत’ या वाक्याला काही किंमत नाही. हेरिंग वसंतात किनाऱ्याच्या शैवालावर अंडी चिकटवतो. एक्झॉन वाल्डेझ टँकर ब्लाय खडकावर चढला २४ मार्च १९८९ ला आणि सुमारे ३७,००० टन कच्चं तेल अलास्काच्या प्रिन्स विल्यम साउंडमध्ये गेलं. हेरिंगचा अंडी घालण्याचा हंगाम तेव्हा तोंडावर आला होता. तेवढंच तेल नोव्हेंबरात सांडलं असतं तर नुकसानीची यादी वेगळी झाली असती, लहान झाली असती असं मात्र नाही: हिवाळी समुद्रपक्षी त्या काळात दाटीने एकत्र असतात.

आणि ही दाटी बंदर स्वतःच वाढवतं. जहाजांच्या पंख्यांचा प्रवाह, धक्क्याशी बर्फ साचू नये म्हणून सोडलेले हवेचे बुडबुडे, कोमट सांडपाणी यांमुळे चोहीकडे गोठलेल्या खाडीत एक मोकळं डबकं तयार होतं. आयडर बदकं आणि इतर पक्षी तिथेच जमतात. इंधन भरण्याची जागाही तीच. पिसांवर थोडंसं तेल लागलं तरी आत थंड पाणी शिरतं आणि पक्षी गारठून मरतो. त्यासाठी विषबाधा व्हावी लागत नाही. म्हणून पक्ष्यांची गणना फक्त खाडीत करून भागत नाही, धक्क्याच्या शंभर मीटरच्या आतली हिवाळी गणना वेगळी हवी.

यार्डातलं हिम

तेलगळतीच्या चर्चेत हा स्रोत मागे पडतो, म्हणून इथे जरा थांबतो. धक्का आणि यार्ड साफ करून काढलेलं हिम एका कोपऱ्यात रचलं जातं. त्यात डिझेलचे थेंब, टायरची भुकटी, ब्रेकमधलं तांबं, खनिजाची धूळ, मीठ, धुरातले पीएएच (इंधन अर्धवट जळून होणारी विषारी संयुगं) असं चार-पाच महिन्यांचं सगळं असतं.

एक साधा हिशोब मांडू. ढीग १०,००० घनमीटर आणि घनता पाण्याच्या ०.४ पट धरली तर वितळल्यावर ४,००० घनमीटर पाणी होतं. त्यात तेलजन्य पदार्थ लिटरला ५० मिलिग्रॅम धरले (हा आकडा फक्त उदाहरणाचा; तुमच्या ढिगाचा मोजूनच घ्यावा), तर एकूण २०० किलो. वर्षावर पसरले तर दिवसाला जेमतेम अर्धा किलो, आणि कोणीही मान डोलावून पुढचं पान उलटेल. पण त्यातले ७० टक्के दहा दिवसांत उतरले तर दिवसाला १४ किलो. विरघळणारे क्षार आणि आम्ल तर पहिल्याच वितळपाण्यात भरभरून बाहेर पडतात; कणांना चिकटलेले धातू आणि जड पीएएच मागाहून, ढिगाच्या शेवटच्या गाळाबरोबर. त्यामुळे नमुना एकदाच घेतला तर तो कोणत्या दिवशी घेतला यावर निष्कर्ष ठरतो. वितळ सुरू झाल्यापासून पहिला आठवडा रोज, पुढे दर तिसऱ्या दिवशी, आणि शेवटी उरलेल्या गाळाचा एक, असे नमुने हवेत.

आता हे पाणी समुद्रात कसं मिसळतं? उन्हाळी मॉडेल म्हणतं की दहा मीटर खोलीत ढवळून जाईल. प्रत्यक्षात वर बर्फाचं झाकण, वारा नाही, लाट नाही, आणि गोडं वितळपाणी खाऱ्यापेक्षा हलकं. ते बर्फाच्या लगेच खाली मीटर-दीड मीटरच्या थरात पसरून राहतं. एक मीटर धरला तर पाण्यातलं प्रमाण दहापट वाढतं, आणि तेही बर्फाच्या तळावरच्या शैवालाच्या आणि अंड्यांच्या थरातच. सीटीडी यंत्र (क्षारता, तापमान आणि खोली मोजणारं) सोडून क्षारतेचा आलेख काढला की थर किती जाड आहे ते पाच मिनिटांत कळतं. पण यंत्र पाण्यात सोडून आधी दोन मिनिटं स्थिर धरावं. उणे वीसच्या हवेतून आलेल्या पंपात आणि क्षारता मोजणाऱ्या कक्षात बर्फ अडकलेला असतो आणि वरचा मीटरभर, म्हणजे नेमका हवा तो भाग, खोटा निघतो.

धक्क्यावर बर्फ न साचण्यासाठी युरिया वापरत असतील तर त्याची नोंद वेगळी घ्यावी. त्यात वजनाच्या ४६ टक्के नायट्रोजन असतो आणि पुढे त्याचा अमोनिया होतो. ग्लायकॉल असेल तर प्रश्न ऑक्सिजनचा: एक किलो प्रॉपिलीन ग्लायकॉल पूर्ण कुजायला सुमारे १.७ किलो ऑक्सिजन लागतो, आणि बर्फाखालच्या पाण्याला हवेतून नवा ऑक्सिजन मिळत नाही.

तेल आणि बर्फ

बंदरात मोठ्या टँकरच्या अपघातापेक्षा इंधन भरतानाची गळती कितीतरी जास्त वेळा होते. तिचं आकारमान पंपाचा वेग आणि बंद करायला लागणारा वेळ यांवर ठरतं. तासाला २०० घनमीटरचा पंप म्हणजे मिनिटाला ३.३ घनमीटर. तीन मिनिटांत बंद झाला तर १० घनमीटर बाहेर. झडप गोठलेली, हातमोजे जाड, अंधारात गळती उशिरा दिसली आणि दहा मिनिटं गेली तर ३३. म्हणून जोखीम काढताना उत्पादकाच्या कागदावरचा बंद होण्याचा वेळ घेऊ नये. उणे वीस-पंचवीसला प्रत्यक्ष सराव घेऊन घड्याळ लावावं.

पाण्यात गेलेल्या तेलाचं वागणं बर्फाच्या प्रमाणावर ठरतं. पृष्ठभागाचा तीस टक्क्यांपर्यंत भाग बर्फाने व्यापलेला असेल तर ते जवळपास मोकळ्या पाण्यासारखंच पसरतं. साठ-सत्तर टक्क्यांच्या वर बर्फच त्याला अडवून धरतो. थर जाड राहतो, बाष्पीभवन आणि पाण्याशी घुसळण मंदावते, जाळून टाकण्याची संधी जास्त काळ टिकते. पेटायला थर किमान दोन-तीन मिलिमीटर तरी हवा. वाईट पट्टा मधला: तेल अडवायच्या तरंगत्या कुंपणांत, म्हणजे बूममध्ये, बर्फाचे तुकडे भरून ते फाटतात किंवा आडवे होतात, आणि तेल रोखायला बर्फही पुरेसा नसतो. बर्फ फुटण्याचा काळ म्हणजे आठवडे न् आठवडे हाच पट्टा.

स्थिर बर्फाखाली गेलेलं तेल तळाच्या खळग्यांत साचतं. ते हलवायला प्रवाह साधारण सेकंदाला ०.२ मीटरच्या पुढे लागतो. बर्फाचा तळ खडबडीत असेल तर आणखी जास्त. बर्फ वाढता असेल तर काही तासांपासून एक-दोन दिवसांत खालून नवा थर धरतो आणि तेल बर्फात बंदिस्त होतं. वसंतात बर्फातल्या मिठाच्या नळ्या उघडतात, तेव्हा हलकं तेल त्यांतून वर येतं, तेही जवळपास ताजंच, विषारी हलके घटक शाबूत ठेवून. म्हणून जानेवारीतल्या गळतीचा परिणाम मे महिन्याच्या रकान्यातही लिहावा लागतो.

मार्च २००६ मध्ये फिनलंडच्या आखातात आइसब्रेकरमागच्या ताफ्यात धडक होऊन ‘रनर-४’ हे मालवाहू जहाज बुडालं आणि त्याचं तेल बर्फात गेलं. ताफ्यातली जहाजं एकमेकांच्या जवळून, तोडलेल्या अरुंद वाटेने चालतात. पुढचं अडकलं की मागच्याला थांबायला जागा नसते. ज्या बंदरात ताफे येतात तिथे मागून धडक हा वेगळा प्रसंग म्हणून यादीत हवा. तळ खडकावर घासण्याच्या शक्यतेत तो मिसळू नये.

साठवणीच्या टाक्यांकडेही बघायचं. रशियातल्या नोरिल्स्कजवळच्या वीजकेंद्राची टाकी २९ मे २०२० रोजी खचली आणि सुमारे २१,००० टन डिझेल सांडलं. बरंचसं अंबार्नाया नदीपर्यंत पोहोचलं. टाकीच्या आधारांखालची गोठलेली जमीन सैल होणं हे कंपनीने दिलेलं कारण होतं. बंदराच्या टाक्यांखाली पर्माफ्रॉस्ट (कायम गोठलेली जमीन) असेल तर जमिनीत खोलीनुसार तापमानमापकांची साखळी बसवलेली आहे का, आणि तिचे आकडे कोणी वाचतं का, हे विचारावं. टाकीभोवतीचा बांध सर्वांत मोठ्या टाकीच्या ११० टक्के धारण करेल असा हिशोब कागदावर असतो, पण तो रिकाम्या बांधाचा. फेब्रुवारीत त्यात हिम असतं, एप्रिलमध्ये वितळपाणी, आणि ते काढायला निचऱ्याची झडप उघडी ठेवलेली असते. पाहणी एप्रिलमध्येच करावी.

बाकीचे स्रोत, थोडक्यात

कोळसा आणि खनिजाची धूळ उन्हाळ्यात पाणी मारून बसवता येते. शून्याखाली पाणी मारलं तर नळ्या आणि पट्टे गोठतात, त्यामुळे हिम उडवणाऱ्या तोफा, कुंपणाचे पडदे किंवा झाकलेली साठवण हेच पर्याय उरतात. गोठून दगड झालेला कोळसा फोडताना धूळ आणखी उडते. काळी धूळ हिमावर पडली की ते ऊन जास्त शोषतं आणि लवकर वितळतं. हिमाचे गाभे (उभे नळकांडी नमुने) काढून अंतरानुसार धूळ मोजणं हा हवेतल्या यंत्रांपेक्षा स्वस्त आणि भरवशाचा मार्ग आहे, सगळा हिवाळा त्यात थरांनी साठलेला असतो.

बॅलास्ट पाण्याबद्दल, म्हणजे रिकाम्या जहाजाचा तोल राखायला टाक्यांत भरलेल्या पाण्याबद्दल, ‘इतक्या थंडीत परके जीव काय जगणार’ हा समज अजून ऐकू येतो. बॅरेंट्स समुद्रात १९६० च्या दशकात मुद्दाम सोडलेला लाल किंग क्रॅब नॉर्वेच्या किनाऱ्यापर्यंत पसरला. थंडीने त्याला अडवलं नाही. खनिज निर्यात करणाऱ्या बंदरात जहाजं रिकामी, म्हणजे बॅलास्टने भरलेली येतात. आंतरराष्ट्रीय डी-२ मानकानुसार ५० मायक्रॉन आणि त्याहून मोठे जिवंत जीव घनमीटरला १० पेक्षा कमी आणि १० ते ५० मायक्रॉनचे मिलिलिटरला १० पेक्षा कमी हवेत. पण हे जीव मारायची विद्युत-क्लोरीन पद्धत थंड आणि कमी खाऱ्या पाण्यात मंदावते, आणि हिमनदीच्या गढूळ पाण्यात अतिनील दिव्यांचा प्रकाश पोहोचत नाही. प्रमाणपत्र आहे म्हणून धोका शून्य धरू नये. जिथून पाणी भरलं त्या बंदराचं तापमान आणि क्षारता तुमच्याशी किती जुळते ते तपासावं.

आवाजाचा पल्ला तर थक्क करणारा असतो. ध्रुवीय पाण्यात ध्वनीचा वेग पृष्ठभागाशी सर्वांत कमी असल्याने आवाज वरच्या थरात अडकून दूरवर जातो. कॅनडाच्या उत्तरेत बेलुगा व्हेल आइसब्रेकरपासून ३५ ते ५० किलोमीटरवरूनच दूर सरकताना नोंदल्या गेल्या आहेत. अभ्यासक्षेत्राची सीमा बंदराच्या हद्दीवर आखणं किती अपुरं आहे हे यावरून कळावं.

आकडे विश्वासार्ह कसे ठेवायचे

तळगाळाच्या मोजमापात दोन चुका नेहमीच्या. पहिली, तांबं किलोला ३४ मिलिग्रॅमच्या वर किंवा पारा ०.१५ च्या वर गेला की अमेरिकी मार्गदर्शक मूल्यांतली खालची पातळी ओलांडली म्हणून प्रदूषण जाहीर करणं. हिमनदीने दळलेल्या गाळात खडकाचेच धातू भरपूर असतात. त्यामुळे लिथियमच्या प्रमाणात आकडे बसवून मगच तुलना करावी. अशा गाळात अॅल्युमिनियमपेक्षा लिथियम चांगलं काम करतं. दुसरी, उथळ तळावर जीव कमी दिसले की बंदराला दोष देणं. वाहता बर्फ तळ खरवडत असतो, त्यामुळे तुलनेची ठिकाणं त्याच खोलीची आणि तेवढाच बर्फ लागणारी हवीत. प्रत्येक ठिकाणी ०.१ चौरस मीटरच्या व्हॅन व्हीन ग्रॅबने (तळगाळ उचलणाऱ्या जबड्याच्या यंत्राने) पाच नमुने घ्यावेत. ग्रॅब हवेत लटकत ठेवला तर जबडे गोठून अर्धवट मिटतात आणि वरचा बारीक गाळ निसटतो.

बर्फाला भोक पाडायचं पेट्रोलवरचं यंत्र हायड्रोकार्बनच्या नमुन्याजवळ आणूच नये. हाताचं किंवा बॅटरीवरचं वापरावं, पात्यांचं तेल पुसून. गाभा वर काढताच त्यातलं खारं पाणी गळून जातं, म्हणून दहा-दहा सेंटिमीटरचे तुकडे लगेच कापून वेगळे बंद करावेत.

विषारीपणाच्या तुलनेत, म्हणजे पाण्यातलं अपेक्षित प्रमाण भागिले निर्धोक प्रमाण यात, छेदाकडे लक्ष हवं. निर्धोक प्रमाण बहुधा १५ ते २० अंशांवरच्या ४८ किंवा ९६ तासांच्या चाचण्यांतून आलेलं असतं. थंड पाण्यातले जीव दरवेळी जास्त नाजूक असतात असं नाही, पण त्यांच्यात परिणाम उशिरा दिसतो. ९६ तासांना जिवंत असलेला जीव बाराव्या दिवशी मेलेला असू शकतो. समुद्रासाठी तीन पोषणस्तरांच्या फक्त अल्पकालीन चाचण्या असतील तर युरोपीय पद्धतीत १०,००० चा सुरक्षा गुणक लावतात. तो फार वाटतो म्हणून कमी करायचा मोह टाळावा. कमी करायचा रास्त मार्ग म्हणजे लांब मुदतीच्या चाचण्या. प्रदूषक कुजण्याचा वेगही तापमान दर दहा अंश उतरलं की साधारण निम्मा किंवा तिसरा हिस्सा होतो. वीस अंशांना तीस दिवसांचं अर्धायुष्य शून्याला चार महिन्यांचं किंवा त्याहून जास्त होतं. युरोपीय नियमांतलं समुद्राचं प्रमाणित तापमान ९ अंश आहे, बंदरातलं पाणी उणे दीड.

शेवटी तक्ता. पाच गुणिले पाचचा रंगीत चौकोन सगळ्यांना आवडतो, पण त्यात शक्यता आणि परिणाम यांचे क्रमांक गुणले की वर्षातून चार वेळा होणारी किरकोळ गळती आणि शतकात एकदाचा अनर्थ एकाच रंगात येतात. त्याऐवजी प्रत्येक प्रसंगाला पाचही टप्प्यांचे रकाने द्यावेत आणि प्रत्येक रकान्यात चार गोष्टी लिहाव्यात: शक्यता, परिणाम, आपला आकडा किती भक्कम आहे, आणि त्या टप्प्यात किती टक्के वेळ बचावकार्य करणं अशक्य आहे. हा शेवटचा आकडा वारा, लाट, दृश्यता, थंडी आणि बर्फ यांच्या तासवार नोंदींवरून निघतो. कोणतीही एक मर्यादा ओलांडली की तो तास बाद. बूम आणि स्किमर (पाण्यावरचं तेल उपसणारी यंत्रं) गोदामात आहेत म्हणून परिणाम एक पायरी खाली आणायचा असेल तर या टक्केवारीच्या प्रमाणातच आणावा.

या तक्त्यावरून कामाचे निर्बंध ठरतात. ते तारखेला बांधू नयेत. ‘१५ एप्रिलपासून धक्क्यावर इंधन भरताना आधीच बूम लावा’ असा नियम लवकर वितळणाऱ्या वर्षी दोन आठवडे उशिरा लागू होतो. दिवसाचं सरासरी तापमान सलग तीन दिवस शून्याच्या वर, किंवा हिमाच्या ढिगाखालून पाणी वाहू लागलं, की लागू, असा नियम लिहावा. ढीग हलवायचा तर त्याआधी, आणि निचऱ्याच्या तेल-पाणी विभाजकातला बर्फ फोडून तो चालू आहे याची खात्रीही त्याआधीच. जोखमीचं कॅलेंडर दर उन्हाळ्यात त्या वर्षीच्या खऱ्या तारखा टाकून पुन्हा काढावं. एखादा टप्पा आधीच्या तीन तारखांच्या पट्ट्याबाहेर गेला असेल, तर त्या टप्प्याचे सगळे रकाने पुन्हा मोजायला घ्यावेत.